सहा सिलिंडरांचे आबासाहेब

इंजिन साखळीला टांगलेलं होतं आणि आबासाहेब देवळात फिरावं तसे त्याच्याभोवती फिरत होते.

"केवढं हाय हे, मिस्त्री?"

"सहा सिलिंडर, आबासाहेब. तुमचं जुनं चारचं. ते काढून ठेवलंय तिकडं." इलाही मिस्त्रीनं कोपऱ्याकडे हनुवटी उडवली. तिथे पोत्यावर जुनं इंजिन पडलं होतं, रिटायर झालेल्या हेडक्लार्कसारखं, तेलकट आणि अपमानित.

"बसंल का पण आत?"

"बसंल म्हंजे? बसवायचं. गाडीला कोण इचारतंय?"

"आन बॉनेट?"

"ते लागणार न्हाई. इंजिन चार बोटं वर ऱ्हातंय. तिथं पत्र्याला उठाव काढतो. लांबनं बघितलं की वाघ दबा धरून बसलाय असं वाटलं पायजे."

आबासाहेब माझ्याकडे वळले. "नष्टे, वाघ म्हणतोय."

"कागदावर वाघ लिहिता येत नाही, आबा," मी म्हणालो. "आर.सी. बुकात इंजिनाचा नंबर लागतो. तो बदलून यायला वेळ जाणार. साहेब रजेवर आहेत. ते आले की अर्ज, अर्जानंतर तपासणी. तुमच्या निवडणुकीच्या आत होत नाही."

"मग त्या दिवशी वाटेत कुणी अडवलं तर?"

"तर मी आहे की."

हे मी आपलं बोलण्यात बोललो. आबासाहेबांनी ते शब्दशः घेतलं. "बरोबर. तुम्ही गाडीतच बसा," ते म्हणाले. अशा रीतीनं एका कागदाच्या जागी माझी नेमणूक झाली. जुना नंबर पुस्तकात, नवा नंबर गाडीत, आणि दोघांच्या मधे मी.

ही गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची. मी तेव्हा कोल्हापुरात आर.टी.ओ. कचेरीच्या फाटकासमोर टेबल टाकून बसायचो, आणि जोडीला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री बघायचो. माणूस गाडी कुठली घेतो यापेक्षा ती कुणाला दाखवायला घेतो, हे मला आधी कळायचं. धंदा चालायचा तो त्यावरच. इलाही मिस्त्रीचं वर्कशॉप उद्यमनगरात. तिथल्या कारागिरांना चित्र दाखवलं तर विमानसुद्धा बनवून देतील, फक्त ते उडेल की नाही हे गिऱ्हाइकानं बघायचं.

आबासाहेब खराडे हे ढोलेश्वर तालुका सहकारी दूध संघाचे चेअरमन. पंधरा वर्षं तेच. या पंधरा वर्षांत तालुक्यात तीन आमदार झाले, चार तहसीलदार गेले, म्हशींच्या कितीतरी पिढ्या आटल्या; आबासाहेब तेच. त्यांची गाडी पांढरी, लांबलचक, जर्मन बनावटीची. कुठल्याशा जहागीरदारानं साठच्या दशकात बोटीनं मागवलेली. जहागिरी गेली, जहागीरदार गेले, गाडी आबासाहेबांकडे आली. मागच्या सीटवर जहागीरदार ज्या बाजूला बसत, त्याच बाजूला आबासाहेब बसत. तिथला स्पंज बसला होता, पण दुसऱ्या बाजूला सरकून बसण्याचा विचार त्यांच्या मनात कधी आला नाही.

आता तालुक्यातला एक रिवाज सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. चेअरमनच्या गाडीच्या पुढे कुणी गाडी काढायची नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण लग्न असो, मयत असो, संघाची जनरल बॉडी असो, आबासाहेबांची गाडी पुढे आणि बाकीच्या जीपगाड्या मागे, ओळीनं. मागच्यांनी पुढे जायचं नाही आणि मागेही रेंगाळायचं नाही. कोण रेंगाळतो ते बघायला आबासाहेबांनी पुढच्या सीटच्या पाठीवर एक वेगळा आरसा बसवून घेतला होता. त्यात ते अधूनमधून बघत आणि ओठ हलवत. नवख्याला वाटायचं, नामस्मरण चाललंय. ते गाड्या मोजत असत.

एकदा घाटात संघाचाच दुधाचा टँकर त्यांच्या पुढे निघून गेला. दूध नासेल म्हणून ड्रायव्हरनं घाई केली होती. दूध नासलं नाही. ड्रायव्हरची मात्र दुसऱ्या आठवड्यात शीतकरण केंद्राच्या गेटवर बदली झाली, आणि तिथे तो पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या टँकरांच्या नोंदी करत बसला.

गाडी म्हातारी झाली तसा हा रिवाज सगळ्यांनाच जड जायला लागला. सपाटीला ठीक होतं. चढ आला की गाडी धापा टाकायची आणि मागची सगळी वरात तिच्याबरोबर धापा टाकायची. आदल्या वर्षी फोंडा घाटात तर वाळूचा ट्रक पुढे गेला, मग एस.टी. गेली. एस.टी.च्या खिडकीतून एक बाई शेजारणीला म्हणाली ते आबांच्या गाडीत स्पष्ट ऐकू आलं. "चेअरमन दिसत्यात. बिघडलीया वाटतं गाडी." गाडी बिघडली नव्हती. तोच तिचा वेग होता.

मुक्कामाला पोचल्यावर व्हाइस चेअरमन शामगोंडा मगदूम आबांच्या खिडकीशी आले. हे मगदूम म्हणजे मऊ बोलणारा, मऊ धोतराचा माणूस. त्यांची गाडी कायम आबांच्या लगेच मागे.

"आबा, एक बोलू का?"

"बोला की, अण्णा."

"गाडी काय बदलू नका. ही गाडी म्हंजे तुम्ही. पण आतलं काळीज तेवढं बदलून टाका. मोठ्ठं घाला."

आबासाहेबांना ते पटलं, कारण त्यात सगळ्या बाजूंनी सोय होती. नवी गाडी घेतली असती तर उत्पादक सभासद विचारणार, आमच्या दुधाचा दर वाढत नाही आणि चेअरमनची गाडी कशी वाढते? इंजिन कुणाला दिसतं? बाहेरून साधी राहणी, आत सहा सिलिंडर. मुंबईत एका परदेशी वकिलातीची गाडी भंगारात निघाली होती. तिचं इंजिन मीच कुर्ल्याहून आणवलं. माझं काय ते मला मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही.

इलाही मिस्त्रीनं दोन महिने घेतले. पुढची चौकट कापली, रेडिएटर पुढे सरकवला, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा तोडून आखूड केला. इंजिनाच्या वजनानं गाडीचं नाक खाली गेलं, तेव्हा स्प्रिंगांखाली पट्ट्या घातल्या. आबासाहेब दर मंगळवारी येऊन बघून जात. आपली अँजिओग्राफी टाळणारा हा माणूस गाडीच्या छातीत डोकं घालून तास-तास उभा राही.

ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी शेजारच्या लेथवाल्यांनी आपापली मशिनं बंद करून ऐकलं. आबासाहेबांचा ड्रायव्हर केरबा मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसला होता. पंधरा वर्षं त्यानं ही गाडी बैलाला चुचकारावं तशी चालवली होती.

"काय रं केरबा, कसं वाटतंय?"

"पाय ठेवायचीच भीती वाटतीया, आबा."

"सवय हुईल."

निवडणूक सप्टेंबरात होती. संघाचे सतरा संचालक. ते आपल्यातून चेअरमन निवडणार. आबासाहेब धरून दहा त्यांच्या बाजूचे, सात रंगराव पोवारांच्या पॅनेलचे. दोन माणसं इकडची तिकडे झाली की आबासाहेब संपले. आणि चेअरमन नसलेले आबासाहेब म्हणजे काय, याची कल्पना त्यांना स्वतःलाही नव्हती. एकदा बोलता बोलता ते मला म्हणाले होते, "नष्टे, माझ्या घरात पंधरा वर्षांत कुणी मला नावानं हाक मारलेली न्हाई. आमची ही पण 'चेअरमन जेवायला येणार हाईत का' असं इचारती." ते अभिमानानं सांगत होते. मला आपलं वाटून गेलं की या माणसाला आता दुसरं नावच उरलेलं नाही.

तर आपली माणसं फुटू नयेत म्हणून, जसं सगळे करतात तसं, आबासाहेब त्यांना घेऊन सहलीला गेले. मालवणच्या पुढे समुद्रकाठी त्यांच्या ओळखीच्या एकाची नारळाची वाडी होती. तिथे तीन दिवस मुक्काम. फोन नाही, पेपर नाही, भेटायला कुणी नाही. जेवण, पत्ते, झोप. आबासाहेब उठले की सगळे उठत, आबासाहेब जेवले की सगळे जेवत. समुद्रात पाय बुडवायला गेलेल्या दोघांना माणूस पाठवून परत बोलावून घेतलं.

"बुडतील म्हणून?" मी विचारलं.

"बुडाले तर कोरमचा प्रश्न येतोय," आबासाहेब म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

त्या संचालकांमध्ये एक बाई होत्या, महिला राखीव जागेवरच्या. हौसाक्का चौगले. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं जाड, बोलणं मोजकं. घरी आठ म्हशी आणि संघात एक सही, असा त्यांचा कारभार. सभेत त्यांनी कधी तोंड उघडलेलं कुणाला आठवत नव्हतं. शेवटच्या दिवशी भल्या पहाटे सगळे निघण्याच्या तयारीत होते. वाडीवाल्यानं चहा आणला. हौसाक्कांनी मान हलवली.

"घ्या की अक्का, गार वारं सुटलंय," मी म्हटलं.

"नगं मला."

"पाणी तरी?"

"नगं म्हटलं न्हवं."

मला वाटलं, मतदानाचं टेन्शन. मी तो चहा पिऊन टाकला.

बैठक अकराला. निघालो पाचला. एवढ्या लवकर का, तर दरवेळी तेव्हाच निघायचे. इंजिन बदललं होतं, निघायची वेळ मात्र जुन्याच इंजिनाची होती. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं असतं तरी आबांना सांगणार कोण?

आबांच्या गाडीत आबा, केरबा आणि मी. संचालक एकही नाही. त्याचंही कारण होतं. एकाला शेजारी बसवलं की बाकीच्या आठांची तोंडं वाकडी होणार. म्हणून आबासाहेब कुणालाच बसवत नसत. त्यांच्या मागे मगदूम, आणि त्यांच्या मागे चार जीपगाड्या.

फोंड्याच्या बाजारपेठेपर्यंत सगळं ठीक होतं. घाट सुरू झाला आणि केरबानं सवयीनं गिअर खाली घेतला, पाय सवयीनं जोरात दाबला. जुनं इंजिन तेवढ्या दाबानं कण्हायचं. या इंजिनानं आम्हा तिघांना सीटच्या पाठीवर नेऊन आपटलं.

"आरं!" आबासाहेब म्हणाले.

"चुकलं, आबा." केरबानं पाय काढला.

"काढू नगंस."

"आं?"

"पाय काढू नगंस म्हणतो. बघू तर जरा."

केरबानं पुन्हा पाय दाबला. पहिलं वळण आलं आणि गेलं. पुढे नारळांनी भरलेला टेम्पो होता, तो मागे पडला. मग एस.टी. आली. केरबानं आबांकडे आरशातून बघितलं. आबा म्हणाले, "हूं." एस.टी. मागे पडली. आबांनी खिडकीची काच खाली घेतली आणि एस.टी.तल्या लोकांकडे बघून हात वर केला. गेल्या वर्षीचीच एस.टी. असेल असं काही नव्हतं. पण हिशेब चुकता झाला होता.

मी मागे वळून बघितलं. दोन वळणं खाली मगदुमांच्या गाडीचं टप चमकलं. पुढच्या वळणावर तेही दिसेना.

केरबा म्हणाला, "आबा, मागची मंडळी दिसंनात."

"येतील की. कुठं जात्यात?"

"थांबू का वर?"

"चेअरमननं वाट बघायची? खुळा का काय तू?"

त्यांचं खरंच होतं. पंधरा वर्षांत ते कुणासाठी थांबले नव्हते. तशी वेळच आली नव्हती, मागचे कायम मागेच असायचे. समोरच्या सीटच्या पाठीवर तो आरसा तसाच होता, आणि त्यात रिकामा रस्ता मागे मागे पळत होता. आबासाहेब त्यात बघत नव्हते. ते पुढे वाकून, दोन सीटांच्या मधून काचेबाहेर बघत होते. टोपी मांडीवर, केस उडालेले. साठी उलटलेला माणूस पाळण्यात बसलेल्या पोरासारखा हसत होता. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, मजा आली.

दाजीपूर गेलं, राधानगरी गेली. संघाच्या आवारात शिरलो तेव्हा शिपाई अजून झाडत होता.

संघाच्या पायऱ्यांवर रंगराव पोवार आपल्या सहा जणांसह बसले होते. दरवेळी आबांची वरात शिरताना ते लोक उठून बाजूला व्हायचे. या वेळी ते आमच्या गाडीकडे बघत राहिले. मग गाडीच्या मागे बघत राहिले. मग एकमेकांकडे.

"रामराम, आबासाहेब," रंगराव खाली आले. "एकटंच?"

"येत्यात मागनं."

"असं व्हय. नाष्टापाणी?"

"झालंय."

"न्हाई, टाइम लई हाय म्हणून म्हटलं." रंगरावांनी बॉनेटवरच्या उठावावर हात फिरवला. "गाडी झकास केलीया. माणसं बसवायला जागा कमी झाली का काय आता?"

त्यांची माणसं हसली. आबासाहेब हसले नाहीत. ते आत गेले आणि चेअरमनच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची त्या क्षणी कुणाचीच नव्हती, कारण मुदत संपलेली होती. निवडणूक घ्यायला आलेले निबंधक कचेरीचे अधिकारी अदबीनं म्हणाले, "साहेब, आज तिथं मी..." आबासाहेब उठले आणि भिंतीजवळच्या बाकावर बसले. तिथून रस्ता दिसत नाही म्हणून पुन्हा उठले आणि व्हरांड्यात आले. मग फाटकापर्यंत. मग परत.

"नष्टे, गाडी घेऊन बघून येता काय?"

"बघायला गेलो आणि वाटेत अडवलं तर? कागद..."

"तेबी हायच," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "पंक्चर झालं असंल न्हवं एखादं?"

"झालं असेल."

"एकाला झालं तर बाकीच्यांनी यायला नको?"

"आबा, तुमचाच रिवाज आहे. पुढची गाडी थांबली तर मागची कशी जाईल?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी केरबाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. केरबा फडक्यानं गाडी पुसत होता. स्वच्छ होती तीच जागा पुन्हा पुन्हा पुसत होता.

अकराला थोडा अवकाश असताना ते आले. आधी धूळ दिसली, मग गाड्या. मी गाड्या विकण्यात जन्म घालवलाय, रस्त्यावर कोण कुणाला बिचकतं ते मला लांबून कळतं. पाच गाड्या एकसारखं अंतर ठेवून येत होत्या. सपाट रस्ता, मोकळा. कुणी कुणाला मागे टाकत नव्हतं. सगळ्यांच्या पुढे मगदुमांची गाडी होती.

आबासाहेबांनी सुस्कारा सोडला. "आले बघा. म्हटलं नव्हतं?"

केरबानं फडकं घडी करून खिशात ठेवलं.

गाड्यांतून सगळे उतरले. मिशा पुसत, पानं चघळत, मोकळे. पाया पडणारे पाया पडले. "काय पळवली गाडी आबा, दिसंनाच झाला," असंही कुणी म्हणालं. हौसाक्का सगळ्यात शेवटी उतरल्या आणि थेट आत गेल्या.

बैठकीच्या खोलीची खिडकी व्हरांड्यात उघडत होती. अधिकाऱ्यांनी नियम वाचले आणि विचारलं, चेअरमनपदासाठी कुणाचं नाव सुचवायचंय? दरवेळी मगदूम उठायचे. ते बसूनच राहिले, टेबलावर बोटानं काहीतरी काढत. आबासाहेबांनी खाकरून आठवण करून दिली. मगदुमांनी ऐकलं नाही.

उठल्या त्या हौसाक्का. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "शामगोंडा मगदूम."

एवढंच. मग खाली बसल्या.

रंगराव पोवार स्वतःचं नाव खिशात घेऊन आले होते. त्यांनी ते खिशातच ठेवलं आणि अनुमोदन देऊन टाकलं. धंदा म्हणून बघितलं तर बरोबर केलं. आबासाहेबांचं नाव शेवटी एका बिचाऱ्यानं घाबरत घाबरत सुचवलं, कारण आबा त्याच्या अगदी शेजारी बसले होते आणि त्यांचा हात त्याच्या मनगटावर होता.

चिठ्ठ्या निघाल्या. मगदूम तेरा, आबासाहेब चार.

त्या चारातलं एक त्यांचं स्वतःचं. उरलेली तीन कुणाची ते कधीच कळलं नाही. मगदूम आणि हौसाक्का सोडून त्या सहलीतले सात जण उरतात. पुढच्या महिनाभरात ते सातही जण आबांच्या घरी एकेकटे येऊन, दार लोटून घेऊन, "त्या तिघांतला मी" असं सांगून गेले.

आबासाहेब बाहेर आले. केरबानं मागचं दार उघडलं. ते बसले. मी पुढे बसलो, कागद म्हणून. गाडी फाटकाबाहेर पडली आणि केरबा आपला जुन्या चालीनं निघाला, सावकाश, अंतर राखून. मागे बघायची गरज नव्हती तरी त्याचा पाय दबेना.

गावाबाहेरचा मोकळा रस्ता लागला.

मग आबासाहेब म्हणाले, "केरबा, हळू कशापायी चालवालायस? मागं कोण न्हाई."

केरबानं पाय दाबला. इंजिन घुमलं. त्या घुमण्यात मागच्या सीटवर ते काय करत होते ते मला ऐकू आलं नाही, आणि मी वळून बघितलं नाही.

तालुक्यानं या प्रकाराचा अर्थ लावायला वेळ लावला नाही. मगदुमांचा डाव म्हणे. आबांना मोठ्या इंजिनाची भुरळ घालणारे तेच, घाटात मुद्दाम मागे राहणारे तेच, घाटमाथ्यावर रंगरावांची माणसं आधीच येऊन बसलेली होती म्हणे. वर्षभरात त्या डावाला एवढे फाटे फुटले की कुर्ल्याचा भंगारवालासुद्धा मगदुमांचा माणूस निघाला. मीही बरेच दिवस तेच धरून होतो. मगदुमांना कुणी विचारलं तर ते नुसते हसायचे. आधी ते हसणं अवघडल्याचं असायचं, मग हळूहळू त्यात तथ्य दिसायला लागलं. आपण एवढे हुशार आहोत हे त्यांना लोकांकडून कळलं.

आबासाहेबांनी गाडी माझ्याकडेच विकायला दिली. वरातीला गाड्या भाड्यानं देणाऱ्या इचलकरंजीच्या एकानं ती घेतली. नवरा-नवरीला बसवून बँडच्या मागे पावलापावलानं चालायचं, हे तिचं काम. सहा सिलिंडर त्या चालीला तापायचे. दर लग्नात एकदा तरी नवऱ्या मुलाला उतरून धक्का मारायला लागायचा.

सात-आठ वर्षांनी हौसाक्का माझ्या टेबलाशी आल्या. त्या अजून संचालक होत्या. खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी तो घेतला, बशीत ओतून, निवांत. ते बघताना मला नारळाच्या वाडीतली पहाट आठवली आणि मी विचारून टाकलं.

"अक्का, त्या दिवशी घाटात काय झालं हो? रंगरावांची माणसं कुठं भेटली?"

"कोण रंगराव? कोण बी न्हवतं."

"मग मगदुमांनी सगळ्यांना कधी पटवलं?"

त्या हसल्या. "अण्णा काय पटिवतंय? त्याला घरात भाजी कुठली करायची ते सांगायला जमंना. नष्टेभाऊ, तुमी पुरुष लोक. तुमी कुठंबी गाडीतनं उतरता, झाडामागं जाता. मी धा वर्सं त्या वरातीत जायची. आबाची गाडी थांबायची न्हाई म्हंजे कुणाचीच थांबायची न्हाई. आदल्या सांजंपास्नं मी पाण्याचा घोट घ्यायची न्हाई. ना चहा, ना काय. चार-पाच तास दात खाऊन बसायची. कुणाला सांगणार?"

मी टेबलावरचे गाड्यांचे फोटो उगाच सारखे केले.

"त्या दिवशी घाट चढून वर आलो. मला ऱ्हावंना. म्हटलं, अण्णा, गाडी थांबवा. अण्णानं सवयीनं पुढं बघितलं. पुढं आबा न्हाई. रस्ता मोकळा. त्यानं माझ्याकडं बघितलं, परत रस्त्याकडं बघितलं. आन थांबवली की हो. मागच्या सगळ्या थांबल्या. तिथं एक चहाचं खोपाट हुतं. त्या खोपाटवालीनं मला मागं नेलं. परत आले तर सगळी बाकड्यावर बसून भजी खात्यात. हसत्यात. एवढ्या वर्सांत ती माणसं एकमेकांशी हसताना मी पैल्यांदा बघितली. कोण तरी म्हणालं, आबा असता तर ही भजी नशिबात न्हवती. आन सगळी एकदम गप्प झाली."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, अण्णालाच करूया की चेअरमन."

"एवढ्यावरच? त्यांनी गाडी थांबवली म्हणून?"

"मग आनि काय बघायचं असतं?" त्यांनी बशी खाली ठेवली. "टाइम बी लई हुता. निवांत भजी संपिवली, दुसरा घाणा सांगितला. तवर कोण इकडचं तिकडं असं काय उरलंच न्हाई."

तालुक्यातल्या एवढ्या मोठ्या कारस्थानाची अशी भजी झालेली बघून मला जरा वाईटच वाटलं. मी विचारलं, "आणि आता? मगदूम थांबतात ना?"

हौसाक्कांनी पदरानं ओठ टिपले.

"पैल्या वर्सी थांबायचे."

त्या माझ्या टेबलावरचे गाड्यांचे फोटो एकेक करून उलटत होत्या. एकावर थांबल्या, लांब धरून बघितला, परत ठेवला.

"म्हणूनच आलीया मी. पोरगा चालवाय शिकलाय. मला आपली एक जुनीपानी गाडी बघा. ह्या फुडं कुणाच्या मागं जायचं न्हाई."

"बघू की. इंजिन केवढं पाहिजे?"

"इंजिनाचं मला काय सांगू नगा," हौसाक्का म्हणाल्या. "ब्रेक बघून द्या."